भातंब्रे सरांचे शॉकअप

परवा स्टाफरूममध्ये गणिताच्या नव्या सरांनी विषय काढला. त्यांनी जुनी पिकअप घेतली आहे, शेताच्या वाटेवर ती फार आदळते, तर शॉकअप कुठले टाकावेत? पुरुष मंडळींना चेव आला. एकजण कंपन्यांची नावं घेऊ लागला, दुसरा म्हणाला गाडी आधी चार इंच वर उचला. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी गाडीत काय भरणार आणि कोण बसणार ते ठरवा. वजन उचलतात कमानी, म्हणजे चाकावरचे ते एकावर एक रचलेले पोलादी पाटे. शॉकअप फक्त त्यांचं नाचणं थांबवतात. रिकामी गाडी पळवायची असेल तर जाड कमानी घालू नका."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मराठी शिकवते. मला सायकलची साखळीसुद्धा बसवता येत नाही. पण बसवकल्याणला या शाळेत बावीस वर्षं मी भातंब्रे सरांच्या शेजारच्या टेबलावर बसले, आणि माझ्या दुर्दैवानं त्यांचं घरही माझ्या घरासमोर होतं. दिवसा शाळेत आणि संध्याकाळी दारात, सुटका अशी नव्हतीच. हे ज्ञान मला त्यांच्यामुळं मिळालं, आणि ते मिळवण्यासाठी दुसऱ्याच एका बाईला फार मोठी किंमत मोजावी लागली.

भातंब्रे सर विज्ञान शिकवायचे. उंच, मानेत किंचित वाकलेले, खिशाला चार पेनं. त्यातलं एकही पेन कुणाला सही करायला मिळायचं नाही, कारण प्रत्येकाचं काम वेगळं होतं. तुम्ही काहीही विचारा, ते आधी डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तसं न्हाई बाई. मुळात विषय समजून घ्या." तास कितीचा आहे असं विचारलं तरी हेच. मग विषय समजावून सांगण्यात तो तास निघून जायचा.

या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट सर्वांत चांगली हवी असे, आणि सर्वांत चांगली कोणती हे ठरेपर्यंत ते काहीच घेत नसत. मंगळवारच्या बाजारात वांगी निवडायला ते एकाच टोपलीपाशी इतका वेळ उभे राहत की भाजीवाली वैतागून म्हणायची, "सर, तुमी शाळा घेऊन या, मी राखून ठेवते." एकदा एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला पाण्याचा फिल्टर घ्यायला देणगी दिली. हेडमास्तरांच्या अंगात त्या दिवशी काय शिरलं होतं कोण जाणे, त्यांनी ते काम भातंब्रे सरांवर सोपवलं. सरांनी अकरा कंपन्यांचा तक्ता केला. बोअरचं पाणी तीन ठिकाणी तपासायला धाडलं. तिन्हीकडून वेगवेगळे आकडे आले, मग चौथ्या ठिकाणी धाडलं. दोन वर्षं पोरं तेच मचूळ पाणी पीत होती आणि तक्ता स्टाफरूमच्या भिंतीवर पिवळा पडत होता. शेवटी हेडमास्तर बाजारातून दोन रांजण घेऊन आले. भातंब्रे सर त्या रांजणांकडं बघून दुःखी झाले. म्हणाले, "घाई झाली."

तोवर मी हसत होते. अशा माणसांवर हसायचं असतं, कारण त्यांच्यामुळं कुणाचं फार बिघडत नाही असं आपल्याला वाटतं.

त्यांची बायको, सुलूअक्का, अगदी उलट. बोलायला लागायच्या आत काम उरकलेलं. एक साडी घ्यायला पाच मिनिटं, एक माणूस ओळखायला त्याहून कमी. नवरा ओळखायला किती लागली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. चार वर्षांमागं गच्चीवर मिरच्या वाळवताना त्यांचा पाय घसरला आणि कमरेचा मणका गेला. सोलापूरला ऑपरेशन झालं. चालू लागल्या, पट्टा बांधून घरातलं बघू लागल्या. पण डॉक्टरांनी बजावलं, वर्षभर धक्का लागू द्यायचा नाही. बस नको, जीप तर नकोच.

धुणीभांडी, दळण, यातल्या कशाचंच अक्कांना फारसं वाटलं नाही. त्यांना वाटलं ते आईचं. अक्कांचं माहेर कमलनगरच्या पलीकडं. भालकीवरून गेलं तर अडीच तास, पण शेवटची दोन कोस वाट म्हणजे काळ्या मातीत दगड पेरलेले. भाड्याची कार फाट्यावर थांबते, पुढं जायला तयार होत नाही. तिकडं त्यांची आई, नव्वदीला टेकलेली, अंथरुणावर. डोळे गेलेले, कानानं ठार बहिरी. भाऊ व्हिडिओ कॉल लावायचा, म्हातारी छताकडं बघत राहायची. अक्का एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "बाई, आई फोनवर मला वळखत न्हाई. हातात हात दिला की मातर लगीच म्हंती, सुले, आलीस का. येकदा हात लावून यावं, बास."

म्हणून सरांनी पिकअप घेतली. अफजलपूरकडच्या एका उसाच्या शेतकऱ्याची, चारही चाकांना जोर असलेली, पाच माणसं बसतील अशी. हेतू चांगला होता हे मी मान्य करते. हेतू त्यांचे नेहमीच चांगले असत. गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी अक्कांनी तिची पूजा केली, नारळ फोडला आणि विचारलं, "रविवारी जायाचं का?"

सर डोळे मिटून म्हणाले, "सुलू, मुळात विषय समजून घे. ही गाडी माल वाहायची हाय. आधी सस्पेन्शन बदलावं लागतंय."

हे खरं होतं. रिकामी पिकअप खड्ड्यात गेली की मागून उधळते. सर तिला रशीद मिस्त्रीकडं घेऊन गेले आणि मलाही साक्षीला नेलं. रशीद मिस्त्रींची हयात ट्रकच्या कमानी बसवण्यात गेली. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि विचारलं, "सर, पहले ये बोलो, बैठनेवाला कौन?"

"आमची मंडळी. पाठीचं ऑपरेशन झालेली."

"माल?"

"माल न्हाई."

"मग सोपं हाय की. मागच्या कमानीतले दोन पाटे काढतो. सांध्यातले रबरी बुश नवे टाकतो. साधे शॉकअप घाला, गाडीचेच. चाकातली हवा जरा कमी करा आन मातीच्या रस्त्यावर पयल्या गिअरमंदी चालवा. अक्काच्या खाली चांगली गादी द्या. परवा गाडी घेऊन जावा."

परवा. दोन दिवसांत. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून मला भातंब्रे सरांची आठवण हसतमुखानं काढता येत नाही. सर गॅरेजमधून बाहेर पडले आणि मला म्हणाले, "अडाणी माणूस हाय. पाटे काढायचे म्हणे. हा जुगाड झाला बाई, ह्याला सस्पेन्शन म्हणत न्हाईत."

मग सुरू झाली निवड. रोज संध्याकाळी सर मोबाईल घेऊन दारात बसायचे. ऑस्ट्रेलियातली लाल वाळवंटं, त्यात उड्या मारणाऱ्या गाड्या, टोप्या घातलेले दाढीवाले. एका नळीचा शॉकअप बरा की दोन नळ्यांचा? गॅसचा की तेलाचा? तेलाची वेगळी टाकी असलेला की नसलेला? देशभरातल्या पिकअपवाल्यांच्या तीन ग्रुपांत ते शिरले आणि तिथं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं भेटली. सकाळी प्रार्थनेआधी ते मला कुणा कोइमतूरच्या गृहस्थाचं मत सांगायचे. त्या गृहस्थाला सुलूअक्कांची आई माहीत नव्हती, मला होती.

तीन महिन्यांनी ग्रुपच्या सल्ल्यानं त्यांनी पहिला संच बसवला. जाड कमानी, लांब शॉकअप, गाडी चार इंच वर. अक्का पट्टा बांधून, नवं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि दाराशी थांबल्या. पाय वरच जाईना. सरांनी स्टूल आणलं. अक्का स्टुलावर चढल्या, मी खालून आधार दिला, आणि एकदाच्या त्या बसल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले. गाडी गल्लीतून बाहेर पडली. पहिल्या गतिरोधकावर अक्कांनी माझा हात धरला, दुसऱ्यावर डोळे मिटले, हायवे लागायच्या आत म्हणाल्या, "फिरवा गाडी." त्या कमानी टनभर मालासाठी होत्या आणि आम्ही होतो तीन माणसं. अक्का आठ दिवस पडून होत्या.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून रशीद मिस्त्रींकडं गेला असता. सरांनी दुसरा मार्ग काढला. कमानींना वजन हवं ना, मग देऊ वजन. त्यांनी शहाबादहून फरश्या मागवल्या आणि गाडीच्या मागं रचल्या. आधी दहा, मग वीस, मग पस्तीस. बायकोला माहेरी न्यायच्या गाडीत हा माणूस दगड भरत होता, आणि प्रत्येक थराला वहीत नोंद. गाडी खरोखर मऊ झाली. पण आता ती चढाला धापा टाकू लागली आणि ब्रेक लावला की पुढं नाक खुपसू लागली. वळणावर फरश्या एका बाजूला सरकल्या, त्यातल्या चार चौकात पडल्या. लोकांनी विचारलं, "सर, घर बांधायलात का?" सर त्यांनाही विषय समजावून सांगत उभे राहिले.

रशीद मिस्त्री एकदा वाटेत भेटले तेव्हा मला म्हणाले, "बाई, सरांना म्हणावं गाडी घेऊन या. पैसे नक्को मला. अक्काला जाऊ दे." मी हा निरोप सरांना दिला. ते हसले. मी निरोपापुढं काही केलं नाही. अक्कांच्या भावाचा नंबर माझ्याकडं होता, रशीद मिस्त्रींचा होता. दोन पाटे काढलेली दुसरी एखादी गाडी या गावात सापडली नसती असं नाही. पण दुसऱ्याच्या संसारात कशाला पडा, असं म्हणून मी पेपर तपासत राहिले. सरांना नावं ठेवताना हे सांगायलाच हवं.

सातव्या महिन्यात भावाचा फोन आला. आईनं जेवण सोडलंय, नुसतं पाणी घेतीय. अक्का त्या दिवशी पिशवी भरून दारात आल्या. म्हणाल्या, "मी बसनं जाते. फाट्यावरनं भाऊ बैलगाडी आणंल."

सर आडवे उभे राहिले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच घाबरल्यासारखं काही होतं. "सुलू, मणका परत सरकला तर? आयुष्यभर पडून ऱ्हाशील. आठ दिवस थांब. नवे शॉकअप निघालेत कंपनीकडनं. बारा टप्प्यांचे हायत. हातानं फिरवून मऊ-कडक करता येतंय. मी वचन देतो, तुला एक धक्का लागणार न्हाई."

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. त्यांना ऑपरेशनचं दुखणं आठवलं असेल. नवऱ्यावर विश्वास ठेवायची सवयही असेल, ती वाईट सवय बहुतेक बायकांना असते.

शॉकअप खरंच आठ दिवसांत आले, निळेशार. हलक्या कमानी आल्या, गाडी पुन्हा खाली आली, फरश्या भिंतीला टेकवून ठेवल्या. हे रशीद मिस्त्रींनी सांगितलेलंच झालं, फक्त सात महिन्यांनी आणि निळ्या रंगात. सोमवारी संध्याकाळी काम पूर्ण झालं. अक्का म्हणाल्या, "उद्या सकाळी."

मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले तर सर रजा टाकून गाडीत बसलेले, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर ज्वारीचं एक पोतं. नीट उभं केलेलं, पट्टा लावलेलं. पोत्यावर चिकटपट्टीनं मोबाईल बांधला होता. अक्का दारात उभ्या होत्या.

"सर, हे काय?" मी विचारलं.

"बरोबर सुलूच्या वजनाचं हाय बाई. अठ्ठावन्न किलो. मोबाईलमध्ये धक्के मोजायचं ॲप टाकलंय. आधी खात्री करायला नको?"

संध्याकाळी परत आले तेव्हा मी मुद्दाम समोर गेले. सर उतरले, चेहरा उजळलेला. आडवाटांनी त्यांनी बाराही टप्पे करून पाहिले होते. आणि मग त्यांना वाटलं, खरा रस्ता तर माहेरचाच, तर तिथंच बघावं. म्हणून ते कमलनगरवरून पार गावात, अक्कांच्या माहेरच्या दारापर्यंत जाऊन आले होते. पोतं हललंसुद्धा नव्हतं.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. हळू विचारलं, "आईला भेटलात?"

"भेटलो की. हात हलवायल्या होत्या. मी थांबलो न्हाई, उजेड होता तवर माघारी यायचं होतं."

"हात हलवायली होती?"

"व्हय. कुणाला तरी शोधायल्यागत."

अक्कांनी पोत्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "पोत्याच्या जागी मला कामून न्हाई बसवलं?"

"अगं, मागच्या चाकांचे दोन टप्पे अजून जुळायचे हायत. दोन ठिकाणी ग्राफ वर गेला बघ. रविवारी जाऊ. रविवारी म्हंजे रविवारी."

म्हातारी शुक्रवारी गेली.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गाडीत होते. खरं सांगायचं तर गाडी फार सुंदर चालली. काळ्या मातीतले ते दगड चाकाखाली येत होते आणि आत काही कळत नव्हतं. अक्का सबंध वाट समोर बघत बसल्या. माहेरच्या अंगणात माणसं जमली होती. अक्का आत गेल्या, आईशेजारी बसल्या, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. उचलायची वेळ झाली तरी सोडेनात, भावानं हळूच बोटं सोडवली.

परतीच्या वाटेवर भालकी मागं पडल्यावर सर आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, प्रामाणिकपणे सांगा. जाताना-येताना एक तरी धक्का लागला का?"

मला त्या माणसाची किळस आली. ती आजही जात नाही. लोक म्हणतात, त्यांचा बायकोवर जीव होता म्हणून हे सगळं केलं. असेल. पण तो जीव असा, की तो बायकोच्या उपयोगाला यायच्या आधी तपासून घ्यावा लागत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

नंतर दोन वर्षं ती गाडी दारात होती. सर तिला दर रविवारी पुसायचे, टप्पे फिरवून बघायचे. अक्का तिच्यात पुन्हा बसल्या नाहीत. भांडल्या नाहीत, बोलणं टाकलं नाही, सरांना वेळेवर जेवायला वाढायच्या. फक्त कुठं जायचं झालं की पट्टा आवळून बस स्टँडवर चालत जायच्या. सर निवृत्त झाल्यावर मुलाकडं हैदराबादला राहायला जायचं ठरलं. त्याआधी अक्कांच्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं उमरग्याला, मी आणि अक्का बसनं निघालो. सर घरीच राहतो म्हणाले होते.

गावाबाहेर रस्ता उखडलेला होता. बस आदळू लागली तशी मी अक्कांसाठी शेजारची जागा मोकळी करायला उठले, तर मागच्या काचेतून ती पिकअप दिसली. बसच्या मागं, ठरावीक अंतर ठेवून. ज्या खड्ड्यात आम्ही उसळत होतो त्याच खड्ड्यातून ती पाण्यावरून यावी तशी येत होती. बस थांबली की सर थांबायचे, निघाली की निघायचे. मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय. दर खेपेला येत्यात."

एका फाट्यावर चढणाऱ्यांची गर्दी होती, बस जरा जास्त थांबली. सर उतरून आमच्या खिडकीखाली आले. मान वाकलेली, हात गजावर. त्या दिवशी त्यांनी विषय समजावून सांगितला नाही. एवढंच म्हणाले, "सुलू, उतर की. दुखत असंल. गाडीत बस, तिथवर सोडतो."

अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. बाजारात एकदा नको म्हटलेल्या भाजीकडं बघावं तसं.

"दुखायलंय की," त्या म्हणाल्या. "पन ही पोचती."

कंडक्टरनं शिट्टी मारली. सरांनी गजावरचा हात काढला. बस पुढच्या खड्ड्यात आपटली, अक्कांनी कमरेवर हात दाबून धरला आणि समोर बघत राहिल्या.